१९६७ची पॉन्टिॲक जीटीओ : मूळ रूपात आणावी की आजच्या रस्त्यांसाठी बदलावी?

वुडवर्डकर
नमस्कार. मी मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या उत्तरेला राहतो. गेल्या महिन्यात मी १९६७ची पॉन्टिॲक जीटीओ विकत घेतली. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे गृहस्थ पॉन्टिॲक शहरातल्या कारखान्यातच नोकरीला होते. त्यांनी ही गाडी नवी घेतली होती आणि १९८३पासून ती त्यांच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. ते गेल्यावर गाडीचे सुटे भाग करून कोणी विकू नये, एवढीच त्यांच्या पत्नीची इच्छा होती, म्हणून जाहिरात न देता त्यांनी मला विचारले. गाडी पुन्हा डेट्रॉईटहून पॉन्टिॲककडे जाणाऱ्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर धावेल आणि पहिल्या फेरीला त्या माझ्या शेजारी बसलेल्या असतील, असा शब्द मी त्यांना दिला आहे.

गाडीची स्थिती अशी आहे : ४०० घनइंचांचे व्ही-८ इंजिन, चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स, लिंडन ग्रीन रंग, वर काळे व्हिनाइलचे छत. इंजिन हाताने फिरवल्यास फिरते. डिकीचा तळ आणि मागच्या चाकांभोवतीचा पत्रा गंजला आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि आसनांचे पट्टे फक्त कमरेचे आहेत.

माझा प्रश्न असा, की गाडी कारखान्यातून निघाली तशीच करावी, की डिस्क ब्रेक, पाच गिअर आणि इंधनाचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवून आजच्या वाहतुकीत निर्धास्तपणे चालवता येईल अशी करावी? माझी मुलगी १६ वर्षांची आहे आणि तिलाही ही गाडी चालवायची आहे. त्यामुळे हा प्रश्न मला केवळ हौसेचा वाटत नाही.

हत्यारघर
अभिनंदन. मूळ प्रश्नाकडे नंतर वळू. आधी एक विनंती : इंजिन फिरते आहे म्हणून बॅटरी जोडून ते सुरू करून पाहू नका.

मी पिंपरीला लेथवर शिकलो आणि ओहायोत २६ वर्षे इंजिनांच्या मशीन शॉपमध्ये काम केले. त्या काळच्या पॉन्टिॲक इंजिनात कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टायमिंग गिअरचा गाभा ॲल्युमिनियमचा आणि दाते नायलॉनच्या आवरणाचे असत. आवाज कमी व्हावा, हा त्यामागचा हेतू होता. मात्र उष्णतेने आणि वयाने ते नायलॉन ठिसूळ होते, त्याचे तुकडे तेलाच्या टाकीत पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. बाहेरून इंजिन निरोगी वाटते. सुरू केल्यावर काही मिनिटांत तेलाचा दाब बसतो आणि बेअरिंगे जातात. म्हणून आधी तेलाची टाकी उतरवा आणि तळाशी काय साचले आहे ते डोळ्यांनी पाहा. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडा आणि क्रँक हातानेच फिरवा. पेट्रोलची टाकी, नळ्या आणि रबरी होज पूर्ण बदलावे लागतील, कारण आजच्या पेट्रोलमधले १० टक्के इथेनॉल त्या काळच्या रबराला सोसत नाही.

पुणेरी_सायकल
मला या विषयातले फारसे कळत नाही, म्हणून विचारतो. अमेरिकेत त्या काळी शक्तिशाली गाड्या पुष्कळ होत्या. मग जीटीओचेच नाव सगळे आदराने का घेतात?

स्वातीनक्षत्र
कारण अशा शक्तिशाली गाड्यांची सगळी परंपरा बहुतेक जण तिच्यापासून मोजतात. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पॉन्टिॲक या जनरल मोटर्सच्या शाखेचे अभियंते जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी यांनी १९६४ साली त्यातून वाट काढली. ३८९ घनइंचांचे मोठे इंजिन त्यांनी स्वतंत्र गाडी म्हणून न देता टेम्पेस्ट ल मान्स या साध्या गाडीवरचा जादा पर्याय म्हणून दिले. नियम नव्या गाडीला लागू होता, पर्यायाला नव्हता. ५,००० गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. मग फोर्ड, क्रायस्लर आणि जनरल मोटर्सच्याच इतर शाखा त्या मार्गाने धावत सुटल्या. हलक्या अंगात मोठे इंजिन आणि पगारदार तरुणाला परवडेल अशी किंमत, एवढेच त्यामागचे सूत्र होते.

वुडवर्डकर, पॉन्टिॲकच्या गाड्यांबाबत एक मोठी सोय आहे. पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस या संस्थेकडे कारखान्याच्या मूळ नोंदी आहेत. गाडीचा क्रमांक कळवल्यास त्या गाडीवर कोणते पर्याय मागवले होते, याच्या नोंदीची प्रत मिळते. तुमच्या क्रमांकाची सुरुवात २४२ने होते का, ते पाहा. १९६६पासून जीटीओला हा स्वतंत्र आकडा मिळाला. त्याआधी ती क्रमांकावरून ओळखता येत नाही, आणि म्हणूनच १९६४-६५च्या बनावट जीटीओ बाजारात पुष्कळ आहेत. इंजिनाच्या ब्लॉकवर पुढच्या बाजूला दोन अक्षरी खूण कोरलेली असते. ३३५ अश्वशक्ती आणि हाताचे गिअर असतील, तर ती डब्ल्यूटी असायला हवी.

टेक्सासचा_वाटसरू
कागदपत्रे जरूर जमवावीत, पण माझे मत स्पष्टपणे बदलाच्या बाजूने आहे. माझ्याकडे १९७०ची शेव्हेल आहे आणि पहिली दोन वर्षे मी ती ड्रम ब्रेकवर चालवली. एका उतारावर सलग तिसऱ्यांदा ब्रेक दाबला, तेव्हा पेडल घट्ट होते, पण गाडीचा वेग कमी होईना. ड्रम तापून प्रसरण पावतो, अस्तर घसरू लागते आणि आतली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. पुढच्या गाडीपासून हातभर अंतरावर माझी गाडी थांबली. पुढच्याच आठवड्यात मी समोरच्या चाकांना डिस्क बसवल्या.

गिअरचेही तसेच आहे. ३.५५ गुणोत्तराच्या डिफरन्शियलवर (मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गिअरवर) ताशी ७० मैलांना तुमचे इंजिन मिनिटाला सुमारे ३,१०० फेरे घेईल. तासभर तो आवाज ऐकल्यावर शेजारी बसलेल्या बाईंशी तुम्हाला दोन शब्दही बोलता येणार नाहीत. पाचवा गिअर ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फेरे घेईल असा असेल, तर तोच प्रवास सुखाचा होतो. गाडी चालवण्यासाठी असते, असे मी मानतो.

लोखंड
वाटसरूंच्या अनुभवाबद्दल शंका नाही, मात्र त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. १९६७च्या गाडीत ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब नळ्यांतून चाकांकडे पोहोचवणारा भाग, दोन स्वतंत्र भागांचा असतो, त्यामुळे एक नळी फुटली तरी दोन चाकांचे ब्रेक चालू राहतात. आधीच्या वर्षांत ही सोय नव्हती. ड्रम नीट तासलेले, अस्तरे ड्रमच्या गोलाईला बेतलेली आणि चारही बाजूंचे समायोजन एकसारखे असेल, तर ही गाडी सरळ रेषेत आणि वेळेवर थांबते. बहुतेक तक्रारी ५० वर्षे न उघडलेल्या ब्रेकच्या असतात आणि दोष ड्रमच्या रचनेला दिला जातो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पहिल्याच मालकाकडे राहिलेली, मूळ इंजिन आणि मूळ गिअरबॉक्स असलेली गाडी आता सहज मिळत नाही. बदललेली जीटीओ हवी असेल तर बाजारात हवी तशी मिळेल. जी अजून कोणी बदललेली नाही ती बदलून टाकली, की तशी पुन्हा मिळवता येत नाही.

मधुमालती
मी आणि माझ्या यजमानांनी पेनसिल्व्हेनियात १९६८ची ल मान्स सहा वर्षे खपून उभी केली. पत्र्याबद्दल आमच्या चुकांतून शिकलेले सांगते.

व्हिनाइलच्या छताखाली काय आहे, हे ते काढल्याशिवाय कळत नाही. मागच्या काचेच्या खालच्या खोबणीत पाणी साचते, ते व्हिनाइलखाली झिरपते आणि तिथून थेट डिकीत उतरते. तुमच्या डिकीचा तळ गंजला असेल, तर मूळ दुखणे बहुधा त्या खोबणीत आहे. तळ नवा घातला आणि खोबण तशीच ठेवली, तर काही वर्षांत तोच खर्च पुन्हा करावा लागेल.

रंग काढण्यासाठी आम्ही गाडी ज्या दुकानात दिली, तिथे बॉनेट आणि दरवाजांवर जाड वाळूचा मारा केला. सपाट पत्रा त्या माऱ्याने ताणला जातो आणि लाटांसारखा वाकतो. आमचे बॉनेट कायमचे गेले. गाडी त्या दुकानात १४ महिने पडून राहिली आणि प्रत्येक फोनला पुढचा आठवडा सांगितला गेला. तेव्हापासून आमचा नियम ठरला आहे : वाळूचा मारा फक्त चॅसीवर आणि जाड भागांवर, बाहेरचा पत्रा रसायनाने किंवा हाताने साफ करायचा, आणि पैसे काम होईल तसे द्यायचे.

या गाड्यांत चॅसी वेगळी असते आणि वरचा सांगाडा रबराच्या ठोकळ्यांवर बसतो. ठोकळ्यांपाशी कमीअधिक पातळ पट्ट्या सरकवून कारखान्यात दरवाजांच्या फटी जुळवलेल्या असत. सांगाडा उचलण्यापूर्वी कोणत्या ठोकळ्याशी किती पट्ट्या आहेत, ते लिहून ठेवा आणि छायाचित्रे काढा. आम्ही ते केले नाही आणि दरवाजे जुळवण्यात सबंध उन्हाळा गेला. प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून त्यावर नाव, बाजू आणि तारीख लिहा. आज आठवते ते तीन वर्षांनी आठवत नाही.

कुर्ला_ते_क्लीव्हलँड
धागा वाचून आजोबांची आठवण झाली. त्यांची डॉज कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवलेली होती. सुटा भाग मिळत नसे, म्हणून कामाठीपुऱ्यातले एक मिस्त्री ब्रेकच्या सिलिंडरमधली रबरे स्वतः कापून बसवत. अमेरिकेत आल्यावर त्याच काळातल्या गाड्यांचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा तयार होऊन घरपोच मिळतो हे पाहिले, तेव्हा मला फार आश्चर्य वाटले. पण नव्याने बनवलेला पत्रा मूळ पत्र्याइतका अचूक बसतो का? मधुमालतीताईंनी सांगावे.

मधुमालती
थेट बसत नाही. डिकीचा तळ बराचसा ठीक बसतो, कारण तो दिसत नाही आणि थोडीफार तफावत खपते. मागच्या चाकावरचा पूर्ण पत्रा मात्र कडेच्या रेषेत फसवतो. मूळ पत्र्याचा वरचा भाग चांगला असेल, तर तो तसाच ठेवून फक्त खालचा गंजका पट्टा कापावा आणि तेवढाच जोड लावावा. काम किचकट आहे, पण कारखान्याची मूळ रेषा टिकते. दर ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला जुन्या गाड्यांच्या भागांचा मोठा बाजार भरतो. कोरड्या राज्यांतल्या गाड्यांचे मूळ दरवाजे आणि बॉनेट आम्हाला तिथेच मिळाले.

वुडवर्डकर
सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनंतर हे लिहितो आहे.

हत्यारघर काका, तुमची विनंती मानली म्हणून इंजिन वाचले. तेलाच्या टाकीत नायलॉनचे २० हून अधिक तुकडे मिळाले आणि पंपाची जाळी निम्मी भरलेली होती. ब्लॉकवरची खूण डब्ल्यूटीच आहे, क्रमांकाची सुरुवात २४२ने होते आणि नोंदीची प्रतही आली आहे. छताखालची खोबण चाळणीसारखी झालेली निघाली. मधुमालतीताईंचे निदान अचूक होते.

मशीन शॉपचे म्हणणे आहे, की सिलिंडर इंचाच्या ३० सहस्रांशाने वाढवून नवे पिस्टन घालावे लागतील. आता नवा प्रश्न असा, की या इंजिनाचे कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, १०.७५ आहे. तेवढ्यावर आजचे ९३ ऑक्टेनचे पेट्रोल चालेल का?

टेक्सासचा_वाटसरू
या बाबतीत मला शंका नाही. ओतीव लोखंडी हेड (सिलिंडरांवरची झाकणे) आणि एवढे कम्प्रेशन असेल, तर उन्हाळ्यात चढावर इंजिन नॉक करणार, म्हणजे आतले मिश्रण आपोआप पेटून ठकठक आवाज येणार. मूळ हेड काढून कपाटात ठेवा आणि ॲल्युमिनियमचे नवे घाला. ते उष्णता लवकर बाहेर टाकतात आणि वजनही उतरते.

हत्यारघर
हेड बदलण्याची घाई नको. १९६७ची ६७० क्रमांकाची हेड त्या एकाच वर्षी आली. त्यांचा ज्वलनकक्ष बंद आकाराचा असल्यामुळे कम्प्रेशन वाढते, पण त्याच कारणाने जाणकार ती ओळखतात आणि शोधतात. नाहीतरी पिस्टन नवे घ्यायचेच आहेत, तर माथ्यावर योग्य मापाची वाटी असलेले घ्या. कम्प्रेशन ९.५च्या आसपास येईल, हेड जागच्या जागी राहतील आणि बाहेरून काहीही बदललेले दिसणार नाही. शिसे नसलेल्या पेट्रोलने व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात ही भीती खरी आहे, पण वर्षाला हजार-दीड हजार मैल चालणाऱ्या गाडीत ती झीज फार हळू होते. बैठका चांगल्या असतील तर त्यांना हात लावू नका. नव्या बैठकांसाठी खोदकाम करताना पाण्याच्या मार्गापर्यंत पोहोचलेली हेड मी पाहिली आहेत.

टेक्सासचा_वाटसरू
वाटीच्या पिस्टनची सूचना माझ्यापेक्षा सरस आहे. मी माझे मत बदलतो.

लोखंड
रंगाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. जनरल मोटर्स त्या काळी ॲक्रिलिक लॅकर वापरत असे. आजचा दोन थरांचा रंग टिकाऊ असतो, पण त्याची चकाकी काचेसारखी असते आणि लिंडन ग्रीनसारखा धातुकणांचा रंग त्यात परका दिसतो. रंगाऱ्याला वरच्या पारदर्शक थराची चमक घासून थोडी उतरवायला सांगा. दरवाजांच्या फटीही हट्टाने काटेकोर करू नका. त्या काळी कारखान्यातून निघालेली गाडीसुद्धा एवढी काटेकोर नव्हती.

नीलकंठ
धाग्याचा मूळ प्रश्न मागे पडला आहे, म्हणून आठवण करून देतो. मुलीच्या दृष्टीने दोन गोष्टी तपासा. जुन्या गाड्यांच्या ठरावीक किमतीच्या (गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेल्या) विम्यात बऱ्याच कंपन्या तरुण चालकाला मान्यता देत नाहीत. गाडी कशीही केली तरी मुलीला बहुधा काही वर्षे थांबावे लागेल. आणि मिशिगनमध्ये २५ वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची पाटी मिळते, पण तिच्यावर रोजचा वापर चालत नाही. मेळावे, मिरवणुका आणि प्रदर्शने यांसाठीच गाडी काढता येते. ऑगस्ट महिन्यात मात्र ती मोकळेपणाने चालवता येते. मग पाचव्या गिअरची गरज खरोखर किती उरते, याचा विचार करावा.

आणखी एक. गाडीच्या आयुष्यातली १९६७ ते १९८३ ही वर्षे ज्यांना ठाऊक आहेत, त्या बाई तुमच्या गल्लीतच आहेत. त्यांना कोणी विचारले का?

वुडवर्डकर
नीलकंठ, मी विचारले नव्हते. रविवारी गेलो आणि दोन तास बसलो.

बाई मला तळघरात घेऊन गेल्या. एका लाकडी पेटीत १९७१च्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला चार तोंडांचा क्वाड्राजेट कार्बोरेटर आणि त्याचे मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा ओतीव भाग) होते. म्हणजे कारखान्यातून आलेला कार्बोरेटर हा! गाडीवर आज तीन कार्बोरेटरांचा संच आहे आणि तो मूळचाच असेल, असे मी इतके दिवस समजत होतो.

स्वातीनक्षत्र
मग तो १९६६चा असणार. जनरल मोटर्सने १९६६नंतर कॉर्व्हेट सोडून इतर गाड्यांवरचे असे संच बंद केले, त्यामुळे १९६७च्या गाडीवर तो कारखान्यातून येणे शक्यच नव्हते. १९६६चे मॅनिफोल्ड मात्र १९६७च्या हेडवर थेट बसते. तुमच्या नोंदीच्या प्रतीत काय आहे?

वुडवर्डकर
प्रतीत त्याचा उल्लेख नाही; तुम्ही म्हणता तसेच आहे. बाई म्हणाल्या, त्यांच्या यजमानांनी तो संच एका सहकाऱ्याकडून घेतला, आठवडाभर रात्री जागून बसवला आणि पहाटे बाईंना उठवून वुडवर्डवर नेले. तीनही कार्बोरेटर एकदम उघडले तेव्हाचा आवाज त्यांना अजून आठवतो. तरीही काढलेला प्रत्येक भाग त्या गृहस्थांनी तेल लावून जपून ठेवला. डॅशबोर्डवरची दोन छिद्रे मी वेल्डिंगने बुजवणार होतो. तिथे ते होकायंत्र लावत असत.

ज्या दिवसाच्या रूपात गाडी आणायची तो दिवस कारखान्यातला, की वुडवर्डवरच्या पहाटेचा, हे मला ठरवावे लागणार होते. माझा निर्णय झाला आहे. तीन कार्बोरेटर गाडीवर राहतील. क्वाड्राजेट स्वच्छ करून, त्याच पेटीत, गाडीबरोबर राहील. छिद्रे बुजवणार नाही. पिस्टन काकांनी सांगितल्याप्रमाणे वाटीचे घेतले आहेत. समोर डिस्क ब्रेक बसवतो आहे, कारण ते १९६७ साली कारखान्याकडूनही मागवता येत असत आणि बोल्टने लागतात. ड्रम पिशवीत नाव लिहून ठेवले आहेत. पाच गिअरसाठी तळाचा पत्रा ठोकावा लागेल असे दुकानदार म्हणाला, म्हणून तो विचार सोडला. मुलीने विम्याची गोष्ट समजून घेतली आहे आणि सध्या ती गंजका पट्टा कापायला शिकते आहे.

लोखंड
तीन कार्बोरेटरांच्या बाबतीत मी वेगळा निर्णय घेतला असता. पण पेटी गाडीबरोबर ठेवणार आहात, एवढ्यावर माझी हरकत संपते. खांद्याचे पट्टे मात्र विसरू नका. १९६७ला पुढच्या आसनांसाठी तेही जादा पर्याय म्हणून मिळत असत.

मधुमालती
होकायंत्र सापडले का?

वुडवर्डकर
अजून नाही. बाई शोधत आहेत. इंजिन पुढच्या महिन्यात जुळून येईल. काका, पहिल्यांदा सुरू करताना काय काळजी घ्यावी?

हत्यारघर
डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) बसवण्याआधी त्याच्या भोकातून लांब दांडा घालून ड्रिलने ऑइल पंप फिरवा. तेलाचा दाब काट्यावर दिसला पाहिजे आणि व्हॉल्व्ह दाबणाऱ्या प्रत्येक रॉकरपाशी तेल आलेले डोळ्यांनी पाहिले पाहिजे. तेल जस्त आणि फॉस्फरसचे प्रमाण जास्त असलेलेच घ्या. ही संयुगे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला घातक असल्यामुळे आजच्या साध्या तेलात ती कमी केलेली असतात, आणि त्यांच्याविना नव्या कॅमशाफ्टचे उंचवटे पहिल्याच दिवशी झिजू शकतात. आधी प्रज्वलनाची वेळ नीट जुळवा, म्हणजे स्टार्टर फार वेळ मारावा लागणार नाही. इंजिन लागले की लगेच २,००० फेऱ्यांवर न्या आणि २,००० ते २,५०० यांच्या दरम्यान २० मिनिटे ठेवा. त्या वेळात ते मंद सोडू नका, कितीही मोह झाला तरी. रेडिएटरसमोर मोठा पंखा लावा, गॅरेजचे दार उघडे ठेवा आणि मुलीच्या हाती अग्निशामक द्या. तीन कार्बोरेटर आहेत. गळती आधी कोणत्या जोडातून होईल ते सांगता येत नाही. २० मिनिटांनी बंद करा, तेल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून आत धातूचे कण आहेत का ते पाहा, आणि छायाचित्र येथे टाका.